मलिताच्या नाकाचा फोटो

माझी धाकटी बहीण मलिता माझ्या मशीनवर पहिल्यांदा आडवी झाली तेव्हा तिला चोपन्न वर्षं पूर्ण झाली होती, आणि मला लिलाँग्वेच्या सरकारी इस्पितळात लोकांची हाडं बघायला लागून तेहतीस वर्षं झाली होती. या तेहतीस वर्षांत मी सायकलवरून पडलेल्यांचे गुडघे पाहिले, खोकणाऱ्यांच्या छात्या पाहिल्या, दारू पिऊन मारामाऱ्या केलेल्यांची नाकं तर दर सोमवारी पाहिली. पण सख्ख्या बहिणीला एकदाही म्हटलं नाही की ये, तुझ्या नाकाचा एक फोटो काढू. का नाही म्हटलं, ते सांगते.

आमचं गाव चितुला, सलिमाहून सरोवराकडे जाताना लागतं. वडील जोहान्सबर्गच्या खाणीत गेले ते तिकडचेच झाले. घरात आई, मी आणि मलिता. मी तेरा वर्षांची, आठवीत. ती दहाची, पाचवीत. शाळा सुटली की आम्ही दोघी उखळाशी उभ्या राहायचो. एकच उखळ, दोन मुसळं. एक वर गेलं की दुसरं खाली. मलिताला त्यात गंमत वाटायची. मुसळ वर उडालं की ती ते हवेतच सोडायची, एक टाळी वाजवायची आणि खाली यायच्या आत पुन्हा धरायची. मोठ्या बायकांनाही सगळ्यांनाच ते जमत नव्हतं. मला तर कधीच जमलं नाही.

त्या दिवशी शेजारच्या अमायी चिब्वे, म्हणजे चिब्वेबाई, पाण्याला निघाल्या होत्या. डोक्यावर घागर घेऊन त्या घटकाभर आमच्या अंगणात थांबल्या.

"एस्नात, अगं धाकटीकडून शीक जरा," त्या म्हणाल्या. "तुझं मुसळ म्हणजे लंगडी बकरी चालल्यासारखं."

मलिता हसली. तिचं ते हसणंही मला लागलं नसतं कदाचित, पण त्याच आठवड्यात मास्तरांनी तिला पाचवीच्या वर्गातून बोलावून आणलं होतं आणि आठवीच्या फळ्यावरचं गणित सोडवायला लावलं होतं. तिनं ते सोडवलं. मला आलं नव्हतं. मास्तर म्हणाले होते, "नावं बदलून टाका रे या दोघींची, थोरली कोण तेच कळत नाही."

अमायी चिब्वे गेल्या. मलितानं मुसळ उडवलं आणि या खेपेला एक सोडून दोन टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून.

मी माझं मुसळ आडवं फिरवलं.

मला मारायचं नव्हतं, हातातून निसटलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. मारायचं होतं. एवढं मात्र खरं की कुठे लागेल याचा विचार केला नव्हता. ते तिच्या नाकावर बसलं. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. मलिता खाली बसली, आणि तिच्या बोटांच्या फटींतून रक्त पांढऱ्या पिठात पडायला लागलं.

"पाय घसरला म्हणून सांग," मी तिच्या कानाशी म्हटलं. "उखळाच्या काठावर आपटलीस. ऐकतेस ना? घसरलीस."

तिनं नाक धरलेल्या हातासकट मान हलवली.

आई आली. आधी तिला पीठ दिसलं. "एवढ्या मक्याची नासाडी!" म्हणून ती ओरडली आणि मग तिला मलिताचं तोंड दिसलं. मलितानं मी सांगितलं तसंच सांगितलं. आठवडाभर नाक सुजलेलं होतं, आतून दोन्ही बाजूंनी गच्च झालं होतं, मग ताप भरला. नदीला पाणी होतं, पलीकडच्या दवाखान्यात जाणं होईना. आईनं पाला वाटून लावला. ताप उतरला, सूज उतरली, आणि मग दिसलं की नाकाचा मधला भाग खाली बसलाय. आई म्हणाली, "असू दे, जीव वाचला." मीही तेच म्हटलं.

त्या वर्षी मी आठवीच्या परीक्षेत पास झाले आणि सरकारी वसतिगृहाच्या शाळेत माझी निवड झाली. गावातून निवड झालेली मी पहिलीच मुलगी. आईनं कोंबडी कापली.

सुट्टीत घरी यायची तेव्हा मलिता दर खेपेला थोडी वेगळी दिसायची. तोंड सतत उघडं. बोलता बोलता थांबून दम घ्यायची. झोपली की अशी घोरायची की भिंतीपलीकडचे लोक आमच्या नावानं बोटं मोडायचे. आणि दिवसा तर कुठेही झोपायची. मक्याची राखण करताना झोपली आणि वानरांनी अर्धं शेत संपवलं. वर्गात झोपली म्हणून मास्तरांनी, त्याच मास्तरांनी, तिला दाराबाहेर उन्हात उभं केलं, तर तिथेही उभ्या उभ्या पेंगली. गावात तेव्हा डिझेलवर चालणारी मक्याची गिरणी नवीन आली होती. पोरांनी मलिताचं नाव गिरणी ठेवलं. आई झाडू घेऊन तिच्यामागे लागायची. "आळशी! एका घरात दोन मुली, एक अशी आणि एक तशी!" यातली 'अशी' मी होते. सहावीत मलिताची शाळा सुटली. कुणी काढली नाही. ती जायची बंद झाली, आणि कुणी विचारलं नाही.

मी रेडिओग्राफीच्या कॉलेजात गेले. दुसऱ्या वर्षी एका दुपारी सरांनी एका माणसाच्या नाकाची फिल्म दिव्यावर लावली. "हे बघा," ते म्हणाले, "याला लहानपणी नाकावर मार बसलेला आहे. मधल्या पडद्यात रक्त साठलं, ते कुणी काढलं नाही, पडदा कुजला. वाढतं वय, म्हणून पुढे नाक वाढलंच नाही, वाट अरुंद राहिली. असा माणूस झोपेत गुदमरतो, शंभर वेळा जागा होतो, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. मग तो दिवसभर पेंगतो, आणि लोक त्याला मठ्ठ म्हणतात."

बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मी त्या फिल्मकडे बघत बसले. शेजारच्या मुलीनं मला कोपरानं ढोसलं, "एस्नात, झोपलीस की काय?"

त्याच दिवशी पत्र लिहायला हवं होतं. मलिताला इकडे घेऊन ये, इथे नाकाचा डॉक्टर आहे, असं मामाला कळवायला हवं होतं; आमच्यात घरचे निर्णय आईचा भाऊच घेतो. मी लिहायला बसलेही. पण पत्रात काय लिहिणार? नाकाला काय झालं होतं म्हणून विचारतील. मलिता सांगेल. मग आईला कळेल, मामाला कळेल, गावाला कळेल. मी स्वतःला म्हटलं, आधी शिकून होऊ दे.

तेव्हा मलिताचं लग्न झालेलं होतं. नवरा लायटन, सायकलवरून सुकी मासळी विकायचा. आमच्यात नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. तो आमच्या अंगणात झोपडी बांधून राहिला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांना मुलगी झाली, तडाला. दोन वर्षांनी त्यानं मामापुढे तक्रार मांडली. मी तेव्हा नोकरीला लागून पहिल्यांदाच गावी आले होते, अंगात इस्पितळाचा पांढरा कोट घालून. लोकांनी बघावा म्हणून.

"मामा," लायटन सगळ्यांसमोर म्हणाला, "मला बायको दिली असं तुम्ही म्हणालात. मी इथे येऊन राहिलो तर ती गिरणी निघाली. तिच्याजवळ झोपवत नाही. दिवसा उठवावं तर उठत नाही. माझी मक्याच्या पिठाची न्सिमा मीच ढवळतो, मुलीला मीच धुतो. नवरा कोण आणि बायको कोण?"

सगळे हसले. मामाही हसला. मलिता खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत होती. मी हसले. हसू आवरलं नाही असंही नाही. हसले नसते तर कुणीतरी विचारलं असतं, "का गं, तू दवाखान्यातली, तुला काय वाटतं?" म्हणून हसले. लायटननं आपली चटई गुंडाळली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि तो सलिमाच्या रस्त्याला लागला.

पुढची वर्षं गेली तशी गेली. माझं न्खोमांच्या घरी लग्न झालं, मुलं झाली, शिकली. मलितानं कसावा लावला, भुईमूग लावला, आंब्याखाली झोपत झोपत तडालाला वाढवलं. मी दर ख्रिसमसला साबण, साखर आणि कापड पाठवायची. ती उलट निरोप पाठवायची, "ताई, तू एवढं कशाला करतेस?"

गेल्या वर्षी जुलैत ती चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगली आणि तिचा उजवा हात विस्तवात गेला. तडाला तिला घेऊन लिलाँग्वेला आली. तडाला आता पस्तीस वर्षांची, स्वतः शिक्षिका आहे आणि तिचं बोलणं धारदार आहे.

"मावशी, हात बरा होईल," ती मला म्हणाली. "पण चुलीपुढे झोप लागते म्हणजे काय? आणि पाय बघ कसे सुजलेत. तू एवढी दवाखान्यातली, तुझं लक्ष कधीच गेलं नाही?"

मी मलिताला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर थोकोझानी माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी मलिताचा रक्तदाब मोजला, भुवया उंचावल्या, मग तिच्या नाकात बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिले.

"अमायी न्खोमा, ही तुमची सख्खी बहीण?"

"हो."

"आणि हिच्या नाकात आजवर कुणी डोकावलंच नाही?"

"गावाकडे कोण डोकावणार, डॉक्टर," मलिताच मध्ये म्हणाली. "तिथे सगळे बाहेरूनच बघतात आणि हसतात."

डॉक्टरही हसले. "मधला पडदा जागेवर नाही. पण मागे किती अरुंद आहे ते बॅटरीनं दिसत नाही. सीटी स्कॅन करू. कुठे किती वाट उरलीय ते मोजल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. उद्या तुम्हीच करा, तुमच्याइतकं नीट कोण करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलिताला मशीनच्या पाटावर झोपवलं. डोकं हलू नये म्हणून खाचेत ठेवलं, कपाळावर पट्टा बांधला. माझी बोटं तिच्या नाकाला लागली. चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्या नाकाला हात लावला नव्हता.

"ताई, हे मोठं भोक म्हणजे उखळच दिसतंय," ती वर बघत म्हणाली. "मला कांडणार नाहीस ना?"

"गप्प पड. हलू नकोस. तोंड मिटायचा प्रयत्न कर."

"तोंड मिटलं तर मरेन ना गं."

"मग उघडं ठेव. पण हलू नकोस, आणि झोपू नकोस."

मी काचेमागे गेले, बटण दाबलं. पाट आत सरकला, आणि मिनिटही झालं नाही तोच माइकमधून ते घोरणं ऐकू आलं. तिची मान मागेपुढे होत होती. पहिले फोटो सगळे पुसट आले. माझा सहकारी जोसाया पलीकडे बसला होता, त्याला हसू फुटलं. "अमायी, ही बाई तर मशीनपेक्षा मोठ्यानं चालतेय!"

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं. त्यानं तोंडावर हात ठेवला.

मी माइक उघडला आणि तिच्याशी बोलत राहिले. "मलिता, जागी राहा. मलिता, तुझी भुईमुगाची राखण कोण करतंय? मलिता, तडालाचा धाकटा आता बोलतो का?" ती "अं, अं" करत राहिली, आणि तेवढ्यात मी दुसऱ्यांदा फोटो घेतले.

मग ते पडद्यावर उमटले. नाकाच्या टोकापासून मागे घशापर्यंत, चकत्या कापाव्यात तसे, एकामागून एक. हवा काळी दिसते, हाड पांढरं. धडधाकट माणसाच्या नाकात दोन काळ्या वाटा असतात, मध्ये सरळ पांढरी रेघ. मलिताच्या नाकात ती रेघ मोडून डावीकडे कलली होती आणि पलीकडच्या भिंतीला टेकायला आली होती. मी मोजलं. डावीकडे दोन मिलिमीटर. उजवीकडे पुढे वाट बरी वाटत होती, पण मागे हाडाचा एक काटा आडवा आला होता, तिथे तीन. वर नाकाच्या हाडावर जुन्या मोडीची खूण, वाकडी जुळलेली. नाकाचं हाडातलं तोंडच लहान. बाईचं नव्हे, मुलीचं. दहा वर्षांच्या मुलीचं नाक तिथेच थांबलं होतं.

मी पुन्हा मोजलं. आकडे बदलले नाहीत.

डॉक्टर थोकोझानी मागे येऊन उभे राहिले. "बघा," ते म्हणाले, "हे जन्मजात नाही. लहानपणी जबरदस्त मार बसलाय. काय झालं होतं?"

तडाला त्यांच्या मागोमाग आत आली होती. ती म्हणाली, "आई उखळावर पडली होती. मला आजीनं सांगितलंय."

"असेल," डॉक्टर म्हणाले. "पण पडताना मार समोरून बसतो. हा बाजूनं बसलाय. असो, जुनी गोष्ट. इतकी वर्षं ही बाई नळीतून श्वास घेतल्यासारखी जगलीय. हिला झोप म्हणून मिळालीच नाही. रक्तदाब, पायांची सूज, सगळं त्यातूनच. दहा वर्षांपूर्वी आली असती तरी बरंच वाचवता आलं असतं."

दहा वर्षांपूर्वी म्हणाले ते. मी मनात नोकरीची तेहतीस मोजली, मग कॉलेजातल्या त्या दुपारपासूनची छत्तीस.

मलिता बाहेर बाकावर बसली होती. फोटो छापून मी तिच्याकडे नेला, का ते मलाच कळत नव्हतं. पाकिटात घालून डॉक्टरांकडे पाठवायचा असतो तो. तडाला औषधांच्या रांगेत गेली होती. मी फोटो उजेडात धरला.

"यातली वाट कुठली गं?" मलितानं विचारलं.

"ही काळी. ही बारीक, दोऱ्यासारखी."

"एवढीच?" ती जवळ येऊन बघत राहिली. "आणि इतरांची?"

मी करंगळी दाखवली. ती हसली, पण लगेच थांबली.

"मलिता," मी म्हटलं, "हे मी केलं. मुसळानं."

"ठाऊक आहे की. मीच होते ना तिथे." तिनं माझ्या हातावर थाप मारली. "पोरी होतो आपण. मी ते केव्हाच सोडून दिलं. तू अजून धरून बसलीयस होय?"

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. ती मला मोकळं करत होती. पण डॉक्टर तिला सांगणारच होते, आणि त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं असं मला वाटलं. मी तिला सांगितलं की ती दिवसा झोपायची ते या नाकामुळे. वर्गात, शेतात, चुलीपुढे. श्वास अडला की झोप मोडते, ती झोप अंगाला लागतच नाही. ज्याचं नाक असं असतं तो कुणीही असला तरी पेंगणारच.

मलितानं फोटोतली ती काळी रेघ बोटानं चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नाही."

"आई म्हणायची. मास्तर म्हणायचे. लायटन म्हणाला." ती फोटोकडेच बघत होती. "मी पण म्हणायची गं. रोज सकाळी उठताना देवाला सांगायची, आज तरी आळस करणार नाही."

मी फोटो तिच्या हातात दिला.

"ताई, हे आज कळलं तुला? फोटोत बघून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. बोलले असते तर खपलंही असतं.

"नाही," मी म्हटलं. "कॉलेजात असताना कळलं. दुसऱ्या वर्षी."

तिनं मनात हिशोब लावला. गणितात ती माझ्या पुढेच होती.

"तेव्हा लायटन घरी होता," ती म्हणाली.

तडाला औषधं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मलितानं फोटो पाकिटात घालून मांडीवर ठेवला होता. त्या दिवशी ती माझ्या घरी जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जाताना दारातच थांबली आणि म्हणाली, "ऑपरेशन करून घेते. पण तू एक कर. गावी येऊन आईला सांग. तुझ्या तोंडानं."

ऑपरेशन सप्टेंबरात झालं. सर्जननी पडदा सरळ केला, काटा काढला, बरगडीची कूर्चा, म्हणजे तिथलं मऊ हाड, घेऊन नाकाला आधार दिला. पाचव्या दिवशी नाकातले बोळे काढले तेव्हा मी दाराशी उभी होते. मलितानं तोंड मिटलं. श्वास घेतला. डोळे मोठे केले. पुन्हा घेतला. मग नाक वाकडं करून तडालाला म्हणाली, "हा घाण वास कसला?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं डब्यात सुकी मासळी आणली होती.

"आई, उसिपा आहे," तडाला हसत म्हणाली. "तू जन्मभर खातेस ती."

"असली घाण? आणि तुम्ही सगळे हे सहन करत होतात?" वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

डॉक्टरांनी तडालाला बाजूला घेऊन सांगितलं की वाट मोकळी झाली, पण हृदयाला आलेला थकवा परत जाणार नाही. गोळ्या कायमच्या.

नोव्हेंबरात मी चितुल्याला गेले. अंगणात मलिता भुईमूग सोलत होती. मला पाहताच उठली, घरातून एकुलती एक खुर्ची आणली, पुसली आणि आंब्याखाली ठेवली.

"या," ती म्हणाली. "बसा. प्रवास नीट झाला ना तुमचा?"

माझ्या मागे आणखी कुणी आलंय का म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आजवर मी गेले की ती चटई सरकवून म्हणायची, "ताई, बस, आणि हे जरा सोल." मी चटईवर बसायला गेले तर म्हणाली, "छे छे, अमायी न्खोमा, कपडे खराब होतील."

आई दाराशी उन्हात बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळे ठीक, कान मात्र गेलेले. मी तिच्यापुढे गुडघे टेकले.

"आई, मलिताच्या नाकाचं सांगायला आलेय."

"काय?"

"मलिताच्या नाकाचं!"

"हो, हो, चांगलं केलंत हो तुम्ही दवाखान्यातल्यांनी. आता घोरत नाही ती."

"आई, ती पडली नव्हती. मी मारलं होतं."

"कोण वारलं?"

पुढे मला ओरडूनच सांगावं लागलं. "मी मारलं होतं! मुसळानं! ती आळशी नव्हती, आई! तिला श्वास येत नव्हता!" शेजारच्या अंगणात दोन सुना कांडत होत्या. त्यांची मुसळं थांबली. रस्त्यानं जाणारा एक सायकलवालाही पाय टेकून उभा राहिला. मी पुन्हा सांगितलं, कारण आईनं पुन्हा विचारलं. मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही, हेही सांगितलं. तेही दोनदा.

आईनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मी तिला झाडूनं मारायची," ती म्हणाली. "लहान होती. तरी मारायची." मग मलिताला हाक मारली, "तू का नाही बोललीस गं? तेव्हाच्या तेव्हा?"

मलिता शेंगा सोलत राहिली. मान वर न करता म्हणाली, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "यांची परीक्षा होती ना त्या महिन्यात. तू यांना शाळेतून काढलं असतंस."

मला ते माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की ती मला घाबरून गप्प बसली.

आईनं मलिताला जवळ बोलावलं आणि तिच्या नव्या नाकावरून एक बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा पुन्हा.  शेजारची मुसळं पुन्हा सुरू झाली.

जेवायला मलितानं कोंबडी केली होती. हात धुवायला भांडं घेऊन माझ्यापुढे वाकली, पाहुणीपुढे वाकतात तशी. मी तिचं मनगट धरलं. "मलिता, असं नको करूस." तिनं हात सोडवला नाही, पाणीही थांबवलं नाही. "न्सिमा गार होईल," म्हणाली.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. पाहुण्याला तसं सोडायचं नसतं. वाट चढाची. पूर्वी या चढावर ती तीनदा बसायची. आता ती पुढे चालत होती, तोंड मिटून, आणि धापा मी टाकत होते. मधेमधे ती थांबायची, मी जवळ पोचले की पुन्हा चालायला लागायची. मला तिला खूप काही विचारायचं होतं, पण दम पुरत नव्हता.

मिनीबस आली. तिनं माझी पिशवी आत दिली. भुईमुगानं ती जड झाली होती. केव्हा भरली कोण जाणे.

"पोचल्यावर फोन करा," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "तडाला काळजी करते."